डायनासोरचं शेण घरी कापायचंय? आधी ते कशाचा दगड झालंय ते बघा

खारघरहून एकांनी विचारलंय की त्यांनी ऑनलाइन 'डायनासोरचं शेण' म्हणून मुठीएवढा एक गोळा घेतलाय, तो खरा आहे का, फ्लॅटमध्ये कापून पॉलिश करता येईल का, बायकोसाठी त्याची अंगठी होईल का, आणि असं काही आपल्याकडे पारसिक-तुर्भेच्या खाणींमध्ये सापडेल का. मी ठाण्यात राहतो, बरीच वर्षं घरीच दगड कापतो, त्यात अकीक जास्त पण हे शेणाचे गोळेही हाताखालून गेलेत, तर जरा सविस्तरच सांगतो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, वास येत नाही. हा प्रश्न विचारला नसला तरी मनात असतोच आणि घरच्यांच्या मनात तर नक्कीच. यात शेण म्हणून काहीच शिल्लक नसतं, कोट्यवधी वर्षांत पाण्यातल्या खनिजांनी जागा घेतलेली असते, कधी सिलिकाने (अकीक, क्वार्ट्झ ज्याचे बनतात ते), कधी फॉस्फेटने (हाडात असतं ते), कधी कॅल्साइटने (चुनखडीतलं खनिज), कधी लोखंडाच्या कार्बोनेटने म्हणजे सिडेराइटने. आणि हौशी माणसासाठी खरी भानगड इथेच आहे. लोक विचारतात कुठल्या डायनासोरचं, मी विचारतो कशाचा दगड झालाय. कारण ब्लेड, पाणी की तेल, कुठली पावडर, पॉलिश चढेल की नाही, अंगठी होईल की नाही, सगळं त्यावर ठरतं. डायनासोरचं नाव तर बहुतेक वेळा शास्त्रज्ञांनाही सांगता येत नाही, विकणारा टी-रेक्सचं म्हणून छातीठोक सांगत असेल तर तिथेच सावध व्हा.

टी-रेक्सवरून आठवलं, कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये ४४ सेंटीमीटर लांबीचा एक तुकडा मिळाला होता, १९९८ मध्ये अशा विष्ठेचा अभ्यास करणाऱ्या जीवाश्मशास्त्रज्ञ कॅरन चिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये त्यावर पेपर लिहिला. त्यात हाडांचा भरपूर चुरा होता, आकार मोठा होता, आणि त्या थरातला एवढा मोठा मांसाहारी म्हणजे टी-रेक्सच, असा तर्क लावावा लागला. एवढं सगळं जुळलं तेव्हा कुठे नाव घेता आलं. पुढे २०१९ मध्ये साउथ डकोटात त्याहून मोठा, ६७.५ सेंटीमीटरचा मिळाला, त्याचं नाव बार्नम, गिनीजमध्ये नोंद आहे, आणि तो ज्यांच्याकडे आहे त्या गृहस्थांनी २०२४ मध्ये ॲरिझोनात फक्त विष्ठेच्या जीवाश्मांचं म्युझियमच काढलंय. म्हणजे आपण काही एकटेच वेडे नाही. अजून मागे जायचं तर विल्यम बकलंड, ऑक्सफर्डचे प्राध्यापक, यांनी १८२९ मध्ये या दगडांना कोप्रोलाइट नाव दिलं, पण मेहनत जीवाश्म गोळा करणाऱ्या मेरी ॲनिंगची होती, तिला इंग्लंडमधल्या लाइम रीजसच्या किनाऱ्यावर इक्थिओसॉरच्या, म्हणजे समुद्रात राहणाऱ्या जुन्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या, सांगाड्यात पोटाच्या जागी हे गोळे दिसायचे आणि फोडले की आत माशांची हाडं न् खवले. बकलंडसाहेबांनी पुढे या गोळ्यांचे काप जडवून चक्क टेबल बनवून घेतलं, ते आजही लाइम रीजसच्या म्युझियममध्ये आहे. ते काप माशांच्या विष्ठेचे आहेत, डायनासोरच्या नाहीत, पण कापून पॉलिश करायची हौस किती जुनी आहे बघा.

आता तुमचा गोळा. फोटो न बघता खरं-खोटं सांगणं कठीण, पण घरी काय करता येतं ते सांगतो. किचनचा डिजिटल काटा घ्या. आधी दगडाचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-बाजूला टेकणार नाही असा धरा, काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे दगडाचे घन सेंटीमीटर. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागायचं. समजा वजन २६० ग्रॅम आणि काट्याने १०० दाखवलं, तर २.६, म्हणजे सिलिका असण्याची शक्यता जास्त. ३ च्या आसपास आलं तर फॉस्फेट, साडेतीनच्या वर गेलं तर सिडेराइट. कॅल्साइटही २.७ ला येतं म्हणून नुसत्या या आकड्यावर जाऊ नका, आणि दगड सच्छिद्र असेल तर आकडा कमी येतो हे पण लक्षात ठेवा.

मग कडकपणा बघायचा. चांगल्या स्टीलच्या चाकूच्या टोकाने न दिसणाऱ्या जागी ओरखडा मारा. सिलिकावर ओरखडा उठत नाही, उलट चाकूचंच स्टील घासून चंदेरी रेघ उमटते, नवीन लोकांना तोच ओरखडा वाटतो, म्हणून ओलं बोट फिरवून बघा, पुसली गेली तर दगड कडक. फॉस्फेटवर जोर लावला की ओरखडा येतो, सिडेराइटवर सहज येतो, कॅल्साइटवर तर फारच सहज. शेवटी ओरखड्यातून निघालेल्या पावडरवर व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे आले तर कॅल्साइट. सिडेराइट थंड व्हिनेगरला फारसा दाद देत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, बऱ्याच गोळ्यांत भेगा कॅल्साइटने भरलेल्या असतात, थेंब नेमका भेगेवर पडला तर तुम्ही फसाल, म्हणून दोन-तीन जागी करून बघा.

बाजारात डायनासोरचं म्हणून जो रंगीत माल येतो, लाल-नारिंगी-पिवळा-काळा, तो बहुतेक अमेरिकेतल्या युटाचा, मॉरिसन फॉर्मेशन नावाच्या खडकांच्या थरातला, ज्युरासिक काळातला, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा. हा सिलिकाचा असतो, अकीकासारखा कापला जातो आणि पॉलिश फार सुंदर येतं. पण मला स्वतःला यातल्या बऱ्याच गोळ्यांबद्दल शंका आहे. आकार असा काही नसतो, आत हाडाचा चुरा नाही, झाडाचा तुकडा नाही, नुसती रंगांची सरमिसळ, मग तो शेणाचा गोळा कशावरून, सिलिका भरलेली चिखलाची गाठ कशावरून नाही? दगड म्हणून तो सुंदरच आहे, पैसे त्या हिशोबाने द्यावेत. दुसरा माल तपकिरी, गुळगुळीत, वळ्यावळ्यांचा, अगदी कार्टूनमध्ये काढतात तसा दिसणारा, तो वॉशिंग्टन राज्यातला सिडेराइटचा असतो, मायोसीन काळातला, म्हणजे डायनासोर संपून चार कोटींहून जास्त वर्षं झाल्यानंतरचा, आणि तो मुळात विष्ठा आहे की चिखल पिळवटून झालेला आकार यावर भूशास्त्रज्ञांमध्येच वाद आहे. मादागास्करहूनही असा तपकिरी माल येतो. गंमत अशी की जो दिसायला सगळ्यात जास्त शेणासारखा तोच सगळ्यात जास्त संशयाचा.

खऱ्या गोळ्याच्या खुणा आतल्या असतात. मांसाहाऱ्याच्या विष्ठेत हाडाचे बारीक तुकडे, खवले, कधी दात. मांसाहाऱ्याची विष्ठा टिकते जास्त कारण खाल्लेल्या हाडांमुळे तिच्यातच फॉस्फेट असतं. शाकाहाऱ्याची लवकर कुजते, विस्कटते, त्यामुळे दुर्मिळ, पण मिळाली तर आत झाडांचा चोथा दिसतो, आडवा काप घेतला तर जायफळ कापल्यासारखी नक्षी दिसते. मोंटानातल्या टू मेडिसिन फॉर्मेशनमधल्या गोळ्यांत सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचे तुकडे आणि शेणकिड्यांनी केलेली बिळं मिळालीत, १९९६ मध्ये चिन आणि गिल यांनी ते मांडलं, म्हणजे डायनासोरच्या मागे मागे शेणकिडे तेव्हाही होतेच. बाहेरून स्क्रूसारखे वळसे असतील तर तो शार्कसारख्या माशाचा धरून चाला, त्यांच्या आतड्यात तसे वळसे असतात. विकणाऱ्याला एवढंच विचारा की कुठल्या जागेचा, कुठल्या थरातला आणि जमीन कोणाची. अमेरिकेत सरकारी जमिनीवरून पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय उचलता येत नाहीत, २००९ चा कायदा आहे, त्यामुळे सरळ माणूस खासगी जमिनीचा माल म्हणून लगेच सांगतो. जो नुसतं 'ओरिजिनल सर, हंड्रेड परसेंट' म्हणतो त्याला सोडून द्या.

आता खाणींचं. पारसिकचा डोंगर, तुर्भे, पावणे, इकडे घोडबंदरची बाजू, सगळा बेसॉल्ट, लाव्हाचा काळा दगड. लाव्हात शेण टिकत नाही, हाडं पण नाही. आपल्या खाणींत मिळालं तर झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ, कधी अकीकाच्या गाठी, आणि ही गोलमटोल गाठ बघून लोक उड्या मारतात की डायनासोरचं अंडं मिळालं. ती लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्याची पोकळी असते, नंतर सिलिकाने भरलेली. जीवाश्म मिळतात ते दोन लाव्हांच्या मधल्या गाळाच्या थरांत, मुंबईत वरळीला अशा थरात छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले होते, रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. बेडूक मिळाले, कासवं मिळाली, डायनासोरचं शेण नाही. आणि खाणीत चालू असो की बंद, परवानगीशिवाय घुसू नका, सुटलेले कडे असतात, सुरुंगाची भानगड असते, पावसाळ्यात तर विचारूच नका.

खरं डायनासोरचं शेण महाराष्ट्रात आहे, पण विदर्भात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथे लॅमेटा नावाचा थर उघडा पडलाय, डायनासोरच्या शेवटच्या काळातला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथून हाडं गोळा केली होती, आणि चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्ये तिथल्या विष्ठेच्या गोळ्यांचं वर्णन करून त्यांचे गट पाडले. मग बरीच वर्षं कोणी फार लक्ष दिलं नाही आणि २००५ मध्ये धमाका झाला. लखनौच्या वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी वगैरे मंडळींनी पिसदुऱ्याच्या गोळ्यांमध्ये गवताचे फायटोलिथ दाखवले, म्हणजे गवताच्या पेशींमध्ये तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण. 'सायन्स'मध्ये छापून आलं. तोपर्यंत समजूत अशी की गवत हे डायनासोर गेल्यानंतरचं प्रकरण, चित्रांत डायनासोरच्या पायाखाली गवत काढलं की तज्ज्ञ नाक मुरडायचे. आणि इथे आपल्या वरोऱ्याचे डायनासोर, बहुधा टायटॅनोसॉर म्हणजे लांब मानेचे अवाढव्य शाकाहारी, गवत खात होते. २०११ मध्ये त्याच कामातून पुढे निघालं की त्यात भाताच्या कुळातल्या गवताचे कण आहेत. भाताचं कुळ भारतात साडेसहा कोटी वर्षांपूर्वी होतं हे आपल्याला शेणामुळे कळलं.

हे एवढं लांबण यासाठी लावलं की पिसदुऱ्याचा गोळा मी कापत नाही, आणि तुम्हाला कोणी 'चंद्रपूरचा माल आहे, स्वस्तात देतो' म्हणून दिला तरी घेऊ नका. तो दिसायला मळकट, पॉलिशला सुमार, पेंडंट म्हणून त्याची काही किंमत नाही, आणि त्याच्या आत काय आहे ते शोधायला मायक्रोस्कोप लागतो, ब्लेड नाही. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडला होता ती माहिती गेली की अर्धा जीव गेलाच. जीवाश्म आणि भूवारसा स्थळांसाठी केंद्राने २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा काढला होता, पण कायद्याचं काय व्हायचं ते होवो, गावातल्या पोरांना पैसे देऊन गोळे गोळा करवायचे हा धंदा मला पटत नाही. तिकडे फिरायला गेलात आणि काही दिसलं तर जागेवर फोटो काढा, बाजूला पेन ठेवून, लोकेशन सेव्ह करा, आणि नागपूरला जीएसआयचं, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं, मध्य विभागाचं ऑफिस आहे त्यांना कळवा.

चला, कापण्याकडे. तुमचा गोळा सिलिकाचा निघाला असं धरतो.

कापण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो, बाजूला पट्टी ठेवून, आणि वजन, कुठून घेतला, विकणारा काय म्हणाला हे वहीत लिहून ठेवा. दगडाच्या कडेला पारदर्शक नेलपॉलिशचा छोटा ठिपका लावून त्यावर नंबर लिहायचा, वरून परत नेलपॉलिश. नंतर चार काप झाले की कुठला कुठल्या गोळ्याचा ते आठवत नाही. आणि अख्खा गोळा कापू नका, अर्धा तसाच ठेवा. पुढे कधी कोणी जाणकार भेटला आणि त्याने आत काही ओळखलं तर दाखवायला बाहेरचा आकार शिल्लक पाहिजे.

दगड ओला करून उन्हात बघा, भेगा कुठे जातात ते बघा, भेगेला आडवं कापायचं, भेगेच्या रेषेत कापलंत तर दोन तुकडे आपोआप होतील. खुणेसाठी पेन्सिल वापरू नका, पाण्यात धुऊन जाते, ॲल्युमिनियमच्या तारेचं टोक घासून त्याने रेघ मारा, ती राहते. लांबट गोळा असेल तर पहिला काप टोकाकडून आडवा, पातळ, फक्त आत डोकावण्यासाठी. आतलं बघून मग पुढचं ठरवायचं, बरेच जण घाईघाईने मधोमध उडवतात आणि सगळ्यात चांगली नक्षी ब्लेडच्या जाडीत जाते.

मशीन. परदेशातले लोक ६ इंची ट्रिम सॉ, १० इंची स्लॅब सॉ वगैरे लिहितात, ते आपल्याकडे मागवायला महाग. फरशीवाल्यांचा हातातला ४ इंची मार्बल कटर बघून लोकांना वाटतं हे चालेल, तर नका वापरू, तो मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे मारतो, दगड हातात धरावा लागतो, पाणी मोटरवर उडतं. त्यापेक्षा टाइल कापायचं टेबल कटर मिळतं, खाली पाण्याचा ट्रे, १८० मिमीचं ब्लेड, फेरे तीन हजारांच्या आसपास, ते या कामाला खूपच बरं. ब्लेड सलग कडेचं घ्या, खाचा असलेलं घेतलंत तर कडा तुटतात. नागदेवी स्ट्रीटला ब्लेडं ढिगाने मिळतात, आणि स्टँड, क्लॅम्प, गार्ड वगैरे बनवून घ्यायचं तर वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेटरला चित्र काढून दिलं की काम होतं, फक्त त्यांना हे कशासाठी ते सांगत बसू नका, अर्धा तास जातो. प्लगला आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे, पाणी आणि मोटर एकत्र, इथे काटकसर नको.

गोल दगड ब्लेडखाली फिरतो, फिरला की ब्लेड वाकतं नाहीतर दगड उडतो. म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये अर्धा बुडवून लाकडाच्या ठोकळ्यावर बसवायचा, वाळू द्यायचा, मग ठोकळा क्लॅम्पमध्ये. कापताना ढकलायचं नाही, ब्लेडला खाऊ द्यायचं. आवाज बदलून किंचाळल्यासारखा झाला की ब्लेड बोथट झालंय, जुन्या विटेत दोन-तीन काप घेतले की हिऱ्याचे नवे कण उघडे पडतात. पेंडंटसाठी ५-६ मिमीचा काप पुरतो. सच्छिद्र गोळ्याला तेल लावू नका, आत मुरून डाग पडतात, पाणीच बरं.

धुळीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही, सिलिकोसिस होतो, आणि गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांची या आजाराने काय दशा झाली ते जगजाहीर आहे. तेव्हा कोरडं कापणं, कोरडं घासणं बिलकुल नाही, एक मिनिटही नाही. ओलं काम करतानाही एन-९५ लावा, कारण तुषार उडतात आणि वाळल्यावर त्यांचीच धूळ होते, कपडे झटकू नका, सरळ पाण्यात टाका. दुसरं म्हणजे हाडाचे तुकडे असलेला मॉरिसनचा माल, त्या भागातलं पुरलेलं हाड भूजलातलं युरेनियम धरून ठेवतं, त्या पट्ट्यात युरेनियमच्या खाणीच होत्या, तर एखादा तुकडा ठेवल्याने काही होत नाही पण त्याची धूळ खाऊ नये, काम झालं की हात धुवावेत.

फ्लॅटमधला खरा प्रॉब्लेम शेजारी आणि ड्रेनेज. कापणं दुपारी, रविवारी नाही, आणि आधी खालच्या-वरच्यांना सांगून. कापताना निघणारा गाळ सिंकमध्ये कधीही ओतू नका, तो पाइपात बसून घट्ट होतो आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघतं. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं पाणी निथळून काढा, खालचा चिखल जुन्या पेपरात बांधून कचऱ्यात.

ज्यांना मशीनचा आवाजच नको त्यांनी कापून घेण्यापुरतं बाहेरून काम करून घ्यावं आणि घासणं घरी हाताने करावं. ८-१० मिमीची जाड काच घ्या, त्यावर कार्बोरंडम म्हणजे घासायची कडक पावडर आणि थोडं पाणी, आणि काप सपाट धरून आठच्या आकड्यात फिरवत राहा. २२० ने सुरुवात, मग ४००, ६००, १००० (हे ग्रिटचे आकडे, आकडा वाढला की पावडर बारीक). प्रत्येक पावडरीनंतर दगड, काच, हात, नखं सगळं धुवायचं, २२० चा एक कण १००० मध्ये आला की परत सगळं पहिल्यापासून. ओल्या दगडावर ओरखडे दिसत नाहीत, वाळवून ट्यूबलाइटखाली तिरपा धरून बघा, मगच पुढच्या ग्रिटवर जा. आवाज जवळजवळ नाही, रात्री मॅच बघत करता येतं, वेळ लागतो पण सपाट काप असाच सगळ्यात छान येतो. शेवटचं पॉलिश सिरियम ऑक्साइडने, ओल्या चामड्यावर किंवा फेल्टवर. काचेचं पॉलिश करणारे हीच पावडर वापरतात, मागितली की मिळते.

खड्डे आणि भेगा या मालात असतातच. कापून झाल्यावर, घासायच्या आधी भरायच्या. बारीक भेगेला पातळ सुपरग्लू, तो आपोआप आत खेचला जातो. मोठ्या खड्ड्याला इपॉक्सी, अराल्डाइटचा स्लो सेटिंगवाला, दगड आधी उन्हात किंवा हेअर ड्रायरने कोमट करून घ्यायचा म्हणजे इपॉक्सी पातळ होऊन आत उतरते. आणि हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. आपल्याकडच्या दमट हवेत इपॉक्सीच्या वर चिकट तेलकट थर येतो, नीट धुतला नाही तर त्यावर पुढचा थर धरत नाही, पॉलिश करताना सोलून निघतो. दिवाळीनंतर करा, नाहीतर बंद खोलीत एसी लावून. जो अर्धा न कापता ठेवलाय त्याला मात्र इपॉक्सी अजिबात नको, ठिसूळ असेल तर म्युझियमवाले पॅरालॉइड बी-७२ नावाचं रेझिन ॲसिटोनमध्ये विरघळवून लावतात, ते नंतर काढता येतं.

कॅबोशॉन, म्हणजे वरून फुगीर खडा करायचा असेल तर काडीला लाखेने चिकटवून घासतात, खंभातची पद्धतही साधारण तीच. भेगाळ गोळ्याला लाखेची उष्णता सोसत नाही, फाटतो, त्याला लाकडी काडीवर सुपरग्लूने चिकटवा, निघायला वेळ लागतो तेवढंच. चाकं नसतील तर मार्बल पॉलिशचे ४ इंची हिऱ्याचे पॅड, ५० पासून ३००० पर्यंतचा सेट, कमी वेगाच्या मशीनवर पाणी सोडत वापरता येतात. अकीकावर ते लवकर झिजतात, पण शिकायला स्वस्त पडतं.

गोळा फॉस्फेटचा किंवा सिडेराइटचा निघाला तर वरचं बरंचसं बदलतं. मऊ भाग आधी झिजतो, कडक तुकडे वर राहतात, पृष्ठभाग खडबडीत होतो. म्हणून जोर कमी, वेग कमी, पावडर मोकळी न वापरता पॅडच वापरायचे, आणि शेवटी सिरियमऐवजी ॲल्युमिनाची पावडर. आरशासारखी चमक येणार नाही, रेशमी चमक आली की थांबा, अजून घासत बसलात तर खड्डे पडतात. अंगठी सिलिकाची असेल तरच करा. बाकीच्यांना रोजच्या वापरात, भांडी घासताना, लोकलच्या दांड्याला लागून ओरखडे येणारच, त्यांचं पेंडंट किंवा कानातलं ठीक आहे. कॅल्साइटच्या वाटेला तर जाऊच नका, लिंबू पिळलं तरी चमक जाते.

ठेवण्याबद्दल थोडं. काही गोळ्यांत पायराइट असतं, पितळी चमकणारे ठिपके. ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळी हवेत पायराइट गंजतं, पांढरी-पिवळी पावडर सुटते, आम्लाचा वास येतो आणि दगड आतून फुटत जातो, डबीतल्या कागदी लेबलालाही ते आम्ल खातं. असे ठिपके दिसले तर वेगळ्या हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, जेल दर पावसाळ्याआधी तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येतं. नुसत्या सिलिकाच्या कापांना काही होत नाही, शेल्फवर उघडे ठेवले तरी चालतात.

तर तुम्ही आत्ता एवढंच करा, काट्यावरचे दोन्ही आकडे घ्या, चाकूचा ओरखडा दोन जागी बघा, आणि ओल्या दगडाचे उन्हात चारही बाजूंनी फोटो काढून विकणाऱ्याने लिहिलेल्या माहितीसकट मला पाठवा, मग टेबल कटरवर कुठून काप घ्यायचा ते त्या फोटोवरच रेघ मारून सांगतो.